बाबांची वही आणि आरासेनाचे ओक

आमचे बाबा वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं पाटण-कोयनेच्या पट्ट्यात गेली. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. वाळलेलं गवत, त्यात पंधरा-वीस पावलांवर एकेक घेरदार झाड आणि झाडांखाली चरणारी काळी डुकरं. बाबांनी फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे जंगल नाही, बागही नाही. राखतंय कोण हे?"

त्या प्रश्नापायी आम्ही दोघं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्पेनला जाऊन आलो. राजवाडे, संग्रहालयं यांना वेळ दिला नाही. पाच दिवस फक्त सिएर्रा दे आरासेनाच्या डोंगरात गावोगाव चालत फिरलो. अंदालुसियाच्या वायव्य कोपऱ्यात, उएल्वा प्रांतात, सिएर्रा मोरेना रांगेचं हे पश्चिम टोक. पलीकडे उतरलं की पोर्तुगाल. सुमारे 1,87,000 हेक्टरचा हा टापू 1989 पासून संरक्षित आहे, पण त्यात गावं आहेत, गुरं आहेत, शेतं आहेत. फोटोतल्या त्या झाडांच्या कुरणाला तिथे 'देएसा' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ राखलेली, बंदिस्त केलेली जागा. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे राखणीचं कुरण. आपल्याकडेही होती की."

दिवस पहिला: आरासेना

मुंबईहून माद्रिद, तिथून वेगवान रेल्वेने सेविया आणि सेवियाच्या प्लासा दे आर्मास बसस्थानकातून आरासेना. बसचा प्रवास दीड तासाच्या आसपासचा. सगळं वेळेवर झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एवढंच लक्षात ठेवा की शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवशी बसगाड्या कमी असतात. 1 नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो, घराघरातली माणसं स्मशानभूमीत फुलं घेऊन जातात आणि दुकानं बंद राहतात.

बसमधून उतरताच भाजक्या चेस्टनटचा वास आला. चौकात एक बाई भोकं पाडलेल्या पत्र्याच्या भांड्यात चेस्टनट परतत होत्या. प्रत्येकाला आधी सुरीने चीर दिलेली, नाहीतर ते फुटून उडतं. कागदाच्या पुडीत भरून दिले. सोलताना बोटं काळी होतात आणि आतला गर निघतो तो उकडलेल्या रताळ्याच्या जवळ जाणारा, पण जास्त पिठूळ. बाबा माळकरी आहेत, परदेशात त्यांच्या खाण्याचं कसं होणार याची मला काळजी होती. पहिल्या दहा मिनिटांतच ती अर्धी मिटली.

आरासेना हे या भागातलं मोठं गाव. गावाच्या टेकडीवर पडका किल्ला आणि जुनं चर्च आहे आणि त्याच टेकडीच्या पोटात 'ग्रुता दे लास माराविय्यास' ही चुनखडीची गुहा. 1914 मध्ये ती लोकांना बघण्यासाठी खुली केली. तिकीट काढून बघायच्या स्पेनमधल्या पहिल्या गुहांपैकी ही एक. आतमध्ये तळी आहेत आणि पाणी इतकं स्तब्ध की छताला लोंबणारे दगडी झुंबरांसारखे आकार खाली तळातून उगवल्यासारखे दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत. गटागटाने सोडतात, म्हणून सुट्टीच्या दिवसांत वेळ आधीच ठरवून ठेवा. आत दमट असतं, पायऱ्या निसरड्या असतात.

मला स्वतःला मात्र गुहेपेक्षा गावातला जुना धोबीघाट जास्त आवडला. वर छप्पर, खाली वाहत्या पाण्याचे दगडी हौद आणि कपडे घासायच्या तिरक्या शिळा. सेवियाचा प्रसिद्ध प्लासा दे एस्पान्या ज्याने रचला त्या आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाचं हे काम. बायकांच्या कपडे धुण्याच्या जागेला एवढ्या नामवंत माणसाने हात लावला, हे मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी किल्ल्यावर चढलो. तेराव्या शतकात हा मुलूख ख्रिस्ती राजांच्या हाती आला आणि उत्तरेकडून, लेओन आणि गालिसियाच्या बाजूने माणसं आणून इथे वसवली गेली. पोर्तुगालच्या सीमेवर नजर ठेवायला किल्ल्यांची एक ओळ उभी राहिली, हा त्यातलाच. वरून चहूकडे गोल गोल हिरव्या-करड्या ठिपक्यांचे डोंगर दिसत होते. बाबा तटाला टेकून उभे राहिले आणि खिशातून छोटी वही काढली. नोकरीत फेरीवर जाताना न्यायचे तशीच, रबर लावलेली. मी काही विचारलं नाही.

जेवणाबद्दल एक महत्त्वाचं. शाकाहारी असाल तर "सिन कार्ने" म्हणजे 'मांसाशिवाय' एवढं सांगून भागत नाही. हॅम (मिठात मुरवून वाळवलेली डुकराची तंगडी) आणि मासा यांना तिथे पुष्कळ जण मांसात धरत नाहीत. "सिन हामोन, सिन आतून, सिन चोरिसो" (हॅम नको, ट्यूना मासा नको, डुकराच्या मांसाचं सॉसेज नको) असं एकेक नाव घेऊन सांगा. डाळीच्या साध्या आमटीतही चोरिसो असतो. बिनधोक पदार्थ म्हणजे टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव, बटाट्याचा जाड तोर्तिया (त्यात अंडं असतं, बाबांनी खाल्लं नाही), शेळीचं चीज, भाजलेल्या मिरच्या आणि पालक-हरभरे. पालक-हरभऱ्याचा पहिला घास घेऊन बाबांनी मान वर केली. "जिरं आहे गं यात!" हॉटेलच्या मालकीणबाईंना मी ते सांगितलं तर त्या आतून जिऱ्याची बरणीच घेऊन आल्या.

पैसे देताना आणखी एक गंमत. बिल मागायचं तर "पागार" असा शब्द वापरतात, पैसे चुकते करणं. आपला 'पगार' पोर्तुगीज भाषेतून आला, तिथेही हाच शब्द. बाबा पाचही दिवस मोठ्या हौसेने "पागार, पागार" म्हणत पाकीट काढायचे.

दिवस दुसरा: आरासेना ते लिनारेस ते आलाहार

पहिला खरा चालायचा दिवस. साधारण बारा-तेरा किलोमीटर, बाबांच्या चालीने जेवणाची वेळ धरून सात तास. नोव्हेंबरमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सकाळी नऊच्या आत निघावं. वाटेवर खांबांवर आणि दगडांवर पांढरा-पिवळा पट्टा असतो. वाट चुकली तर त्याच दोन पट्ट्यांची फुली दिसते.

गावाच्या कडेला डांबर संपलं आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे सुरू झाले. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड रचलेले. त्यांवर शेवाळ इतकं जाड की हात ठेवला तर ओला होतो. वाट गडग्यांच्या मधून उतरते आणि गडग्यांपलीकडे देएसा. आम्ही एका फाटकापाशी थांबलो आणि बाबा तिथून हलेनात.

दोन जातींचे ओक ओळखायला शिकलो. एन्सिना हा सदाहरित ओक, पान लहान, वरून गडद, खालून करडं, खोड काळपट आणि बारीक भेगांचं. दुसरा आल्कोर्नोके, म्हणजे बुचाचा ओक. आपल्याकडे 'बुचाचं झाड' म्हटलं की पांढऱ्या लांब देठांच्या सुवासिक फुलांचा सडा आठवतो. हे झाड वेगळं, बाटलीचं खरं बूच याच्या सालीचं. साल काढलेलं खोड फांद्यांपर्यंत नागडं, विटकरी तांबूस दिसतं, जणू कुणी गेरू लावलाय. साल उन्हाळ्यातच निघते, कारण तेव्हा ती आतल्या थरापासून सुटते. कुऱ्हाडीने चीर पाडायची आणि आतला जिवंत थर न दुखवता तक्ते सोलून काढायचे. एकदा सोललं की किमान नऊ वर्षं झाडाला हात लावत नाहीत. बाबांनी तांबड्या खोडावर तळहात ठेवला. "कुऱ्हाड लावूनसुद्धा झाड जगतंय. हात किती बेताचा असेल बघ."

डुकरं दिसण्याआधी ऐकू आली. गवतात कुरकुर, मग कडाक् असा आवाज. ओकचं फळ फोडण्याचा. त्या फळाला 'बेयोता' म्हणतात. सुपारीएवढं, लांबट, खाली टोपी असलेलं. ऑक्टोबरच्या शेवटी ती गळायला लागतात आणि तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत डुकरं देएसात मोकळी सोडतात. या हंगामाचं नाव मोंतानेरा. एक डुक्कर दिवसाला सात ते दहा किलो बेयोता खातं. सर्वांत वरच्या दर्जाच्या हॅमसाठी नियम असा की किमान साठ दिवस ते झाडाखाली चरलं पाहिजे, तेवढ्यात किमान 46 किलो वजन वाढलं पाहिजे आणि कितीही दाट झाडी असली तरी चार हेक्टरमध्ये पाचपेक्षा जास्त डुकरं सोडायची नाहीत. शेवटचा नियम ऐकून बाबा खूश झाले. आधी झाडं मोजायची आणि मग जनावरं ठरवायची, हा क्रम त्यांना पटला.

लिनारेस दे ला सिएर्रा हे गाव दरीत बसलेलं, जेमतेम दोन-तीनशे वस्तीचं. इथे एक गोष्ट बघून मी अक्षरशः रस्त्यात बसले. प्रत्येक घराच्या उंबऱ्यासमोर पांढऱ्या आणि काळसर गोट्यांची नक्षी जमिनीत बसवलेली. कुठे फूल, कुठे चांदणी, कुठे पक्षी. दोन घरांची नक्षी सारखी नाही. त्याला 'यानोस' म्हणतात. दगडात कायमची घातलेली रांगोळी! एक आजी दारात झाडत होत्या. मी मोबाइलवर आमच्या दारातल्या दिवाळीच्या रांगोळीचा फोटो दाखवला आणि ही आम्ही रोज पुसून नवी काढतो असं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "रोज? मग तुम्हाला कंटाळा येत नाही आणि आम्हाला बदलता येत नाही." घरातून त्यांनी डाळिंब आणून दिलं.

लिनारेस सोडून लोस मादरोन्येरोस या वाडीकडे जाताना ज्यांची भेट झाली, त्यांच्यासाठी हा सगळा प्रवास होता असं मला आता वाटतं. ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा, डोक्यावर टोपी, हातात काठी, फाटकाला तारेचा आकडा लावत होते. बाबांनी नमस्कार केला. आजोबांनी टोपीला हात लावला. मी पुण्यात वर्षभर स्पॅनिशचा वर्ग केला होता, तो इथे कामी आला.

बाबांचा पहिलाच प्रश्न, "लहान झाडं कुठे आहेत?"

मी भाषांतर केलं आणि आजोबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तुमच्या वडिलांनी नेमकं दुखणं ओळखलं."

त्यांनी आम्हाला आत नेलं आणि पाऊण तास फिरवलं. देएसा आपोआप होत नाही, हे त्यांनी झाडाझाडाला हात लावून दाखवलं. दाट रान विरळ करायचं, चांगली झाडं ठेवायची, मग पिढ्यान्पिढ्या फांद्या छाटत राहायचं म्हणजे झाड उंच न जाता पसरतं, जास्त ऊन घेतं, जास्त फळं देतं. छाटलेल्या फांद्यांचा पूर्वी कोळसा व्हायचा. खालचं झुडूप काढलं नाही तर चार-पाच वर्षांत हारा नावाचं चिकट पानांचं झुडूप सगळं व्यापतं आणि मग वणव्याला आमंत्रण. गुरं, मेंढ्या, डुकरं गवत आटोक्यात ठेवतात. पण तीच जनावरं रोपंही खातात. त्यामुळे वर बघाल तर डौलदार म्हातारी झाडं आणि खाली त्यांची जागा घेणारं कुणी नाही.

त्यात 'ला सेका' आली आहे. हिरवागार ओक एका उन्हाळ्यात वाळून उभा राहतो. जमिनीत फायटोफ्थोरा नावाचा सूक्ष्म रोगजंतू मुळं कुजवतो आणि दुष्काळाने दमलेलं झाड तग धरत नाही. आजोबांनी एका उतारावरची पाच वाळकी झाडं दाखवली. ती त्यांच्या वडिलांनी छाटलेली होती. बोलताना त्यांनी त्यातल्या एका खोडावर काठीने हळूच दोनदा ठोकलं, गुराच्या पाठीवर थाप मारावी तसं.

हा रोगजंतू चिखलातून पसरतो. म्हणून तिथे चालायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी मनापासून विनंती आहे: एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याआधी बुटांचा चिखल घासून काढा. आम्ही रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने बुटाचे तळ साफ करत होतो. आणि फाटकं: जे बंद दिसेल ते आपल्यामागे बंद करा. एक उघडं राहिलं तर शेजारच्या रानातली मेंढरं कुंपणातल्या रोपांवर येतात.

रोपं कुंपणात म्हणजे काय, तेही आजोबांनी दाखवलं. गुडघ्याएवढा ओक, भोवती तारेची जाळी, जाळीला तीन खुंट. त्यांनी स्वतः लावलेली अकरा होती. बाबांनी मात्र आणखी एक गोष्ट केली. काटेरी ब्लॅकबेरीच्या एका जाळीपाशी ते उकिडवे बसले, काठीने काटे बाजूला सारले आणि आत बोट दाखवलं. वीतभर उंचीचा एन्सिना! "आपल्याकडे करवंदीच्या जाळीत रोप वाचतं, तसं. गुरांचं तोंड पोचत नाही," बाबा म्हणाले. आजोबा हसले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून स्पॅनिशमध्ये बरंच काही बोलले, त्यातलं मला निम्मंच कळलं. बाबांना सगळं कळल्यासारखं वाटत होतं.

मोकळ्यावर, जाळी नाही, काटे नाहीत, अशीही दोन रोपं पुढे वाटेजवळ दिसली. बाबांनी मला मोबाइलच्या नकाशावर तिथे खूण करून ठेवायला लावली.

आलाहारला पोचलो तेव्हा घंटा वाजत होती आणि गल्ल्यांत ओल्या लाकडाचा धूर भरला होता.

दिवस तिसरा: आलाहार ते कास्तान्यो देल रोब्लेदो

अंतर कमी, पाच-सहा किलोमीटर, पण चढ. आणि पाऊस.

आलाहारच्या डोक्यावर 'पेन्या दे आरियास मोंतानो' हा सरळ कडा आहे. बेनितो आरियास मोंतानो (1527–1598) हा सोळाव्या शतकातला मोठा विद्वान. दुसऱ्या फिलिप राजासाठी त्याने अँटवर्पमध्ये बहुभाषी बायबलच्या छपाईचं काम पाहिलं, एल एस्कोरियाल या राजाच्या राजवाडा-मठाचं ग्रंथालय लावलं आणि दरबाराचा कंटाळा आला की तो या कड्यावर येऊन राहायचा. कड्यावर आता एक देऊळवजा चर्च आहे, 8 सप्टेंबरच्या सुमारास तिथे मोठी जत्रा भरते. पायथ्यातून झरे निघतात. धुकं इतकं होतं की खालचं गाव दिसेना, फक्त कोंबडे ऐकू येत होते. बाबा म्हणाले, "विद्वान माणसाने जागा पाण्याची निवडली."

या डोंगरांना अटलांटिकवरून येणारे ढग पहिल्यांदा अडतात. वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माणसाला तो आकडा किरकोळ वाटेल, पण अंदालुसियाच्या कोरड्या मुलखात तो खूप आहे आणि त्यातला मोठा भाग थंडीच्या महिन्यांतच पडतो. छत्रीचा उपयोग नाही, वाट अरुंद आहे. डोक्यावरून पाठपिशवीसकट झाकणारा पोंचो न्या.

एल कालाबासिनो या वाडीतून फरसबंद जुनी वाट वर चढते. शहरं सोडून आलेले लोक इथे पडकी घरं सावरून राहतात. दगडांवरून पाणी वाहत होतं. मादरोन्योची झुडपं वाटेवर वाकली होती. हे एक विलक्षण झाड. या दिवसांत त्याच्यावर पांढरी घंटेसारखी फुलं आणि पिकलेली लाल, खरखरीत फळं एकाच वेळी असतात, कारण फळ पिकायला वर्ष लागतं. चव सौम्य गोड. फार पिकलेली खाऊ नका, ती झाडावरच आंबतात.

वाडीच्या वर एका ठिकाणी गडगा ढासळला होता आणि पट्ट्याचा दगड त्याखाली गेला असावा. आम्ही दुसऱ्या बाजूने वळलो आणि तासभर चुकीच्या रानात चढलो. वाट ओहोळात संपली. बाबा भिजले होते, त्यांचे ओठ निळसर दिसत होते आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. सत्तरीला टेकलेल्या माणसाला मी इथे घेऊन आले, असं सारखं मनात येत होतं. बाबा शांत होते. "पाण्याबरोबर खाली जायचं नाही. आलो त्या पावलांनी मागे." ढासळलेल्या गडग्यापर्यंत परतलो आणि पट्टा सापडला. नकाशा मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते. आणि पट्टा दिसून दहा मिनिटं होऊन गेली की पुढे जाऊ नका, मागे फिरा.

कास्तान्यो देल रोब्लेदोत ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या काकूंनी दार उघडलं, बाबांकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता त्यांना आत नेऊन गोल टेबलाशी बसवलं. टेबलावरून जमिनीपर्यंत जाड कापड. ते गुडघ्यांवर ओढून घ्यायचं. खाली, टेबलाच्या पायांमध्ये, शेगडी! पूर्वी तिच्यात ओकच्या बारीक फांद्यांचा कोळसा असायचा, आता वीज. पाच मिनिटांत बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. रात्री काकूंनी बाबांसाठी वेगळं, चेस्टनट घातलेलं घट्ट कालवण केलं, हॅमचा तुकडा न घालता. ते करताना त्या तीनदा विचारायला आल्या, "खरंच काहीच घालू नको?" दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी शेगडीजवळ वाळवलेले आमचे मोजे घडी करून दिले.

दिवस चौथा: चेस्टनटच्या राया, गालारोसा, हाबूगो

पाऊस थांबला होता. गाव सोडताच चेस्टनटच्या राया लागल्या. हे ओकसारखे सदाहरित नाहीत, पानं पिवळीधमक होऊन गळत होती. खाली सगळीकडे काटेरी बोंडं, हिरव्या साळिंदरासारखी, फुटून तपकिरी फळं बाहेर आलेली. कुटुंबच्या कुटुंबं वेचत होती: जाड हातमोजे, कमरेला टोपली, आजोबा-नातवंडं सगळे. ही झाडं कलमी आहेत आणि प्रत्येकाचा मालक आहे. वाटेवर पडलेलंही उचलू नका, विचारा. विचारलं तर ओंजळ भरून देतात, आम्हाला दिली.

गालारोसा पाण्याचं गाव. रायांमधून, परड्यांमधून बारीक पाट खेळवलेले आहेत, त्यांना इथे 'लिएवास' म्हणतात. पानं गळलेल्या पर्सिमनच्या झाडांवर केशरी फळं दिव्यांसारखी लटकत होती. बाबांनी एका पाटाच्या कडेने चालत त्याचं दार शोधून काढलं: एक सपाट दगड आणि चिखलाचा बांध. शेतकरी बाई तो दगड सरकवून पाणी शेजारच्या वाफ्यात वळवत होत्या. "बारी आहे यांची," बाबा म्हणाले. पाण्याची पाळी ओळखायला त्यांना भाषा लागली नाही.

दुपारी हाबूगो. हॅमसाठी जगभर ओळखलं जाणारं गाव, इथल्या हॅमच्या संरक्षित नावातही 2017 पासून 'हाबूगो' हाच शब्द आहे. बाबा चौकात उन्हात बसले आणि मी एकटी एका तळघरात गेले. छतापासून शेकडो तंगड्या टांगलेल्या. आधी मिठात, वजनाच्या किलोमागे साधारण एक दिवस, मग वाळवण आणि मग तळघरात तीन-तीन वर्षं. थंडी-वाऱ्याचा अंदाज घेऊन खिडक्या उघडायच्या, मिटायच्या, हेच मुख्य काम. तिथल्या बाईंनी हाडाची बारीक सुई तंगडीत खुपसली, काढली, नाकाशी नेली आणि लगेच भोक चरबीने बुजवलं. नुसत्या वासावर त्या सांगतात, तयार आहे की नाही. मी एक पातळ काप खाल्ला. चरबी जिभेवर विरघळते आणि मागे राहते ती चव सुक्यामेव्याची. त्या बाई म्हणाल्या, "हे मांस नाही, हा ओक आहे." दोन दिवसांपूर्वी देएसात ऐकलेला कडाक् आवाज मला आठवला.

मी बाहेर आले तेव्हा बाबांच्या समोरच्या भिंतीवर हुदहुद्या चोच खुपसत होता. "हा कोयनेतही असतो," एवढंच बोलून ते पुन्हा वहीत शिरले.

दिवस पाचवा: आल्मोनास्तेर आणि परत

आल्मोनास्तेर ला रेआलला टॅक्सीने गेलो. आपल्या मुक्कामाच्या मालकांना आदल्या दिवशी सांगून टॅक्सी ठरवून घ्यावी, ऐनवेळी मिळत नाही. गावावरच्या टेकडीवर दहाव्या शतकातली मशीद आहे. छोटीशी, विटांच्या घोड्याच्या नालेसारख्या कमानी, पाच दालनं आणि खाली त्याहूनही जुने, रोमन आणि त्यांच्यानंतर इथे राज्य केलेल्या व्हिसिगॉथांच्या काळातले खांब वापरलेले. एका खांबाचा माथा दुसऱ्यासारखा नाही. नंतर तिचं चर्च झालं, पण मशीद पाडली नाही. आम्ही गेलो तेव्हा आत कुणीही नव्हतं. जमीन उंचसखल, भिंत थंड, एका कमानीतून ऊन येत होतं. बाबांनी चपला... बूट काढले आणि खांबाला टेकून बसले. इतका वेळ की मीही बसले.

बाहेर तटावरून पुन्हा तेच डोंगर दिसले. आता त्यांतला प्रत्येक ठिपका मला वेगळा दिसत होता. कुणीतरी छाटलेला.

सेवियाच्या बसमध्ये बाबांनी वही माझ्या हातात दिली. वर 'फेरी' असं लिहून तारखा, गावांची नावं आपल्या पद्धतीने, 'आळाहार', 'कास्तानो'. खाली रकाने. पाच दिवसांत वाटेवरून दिसलेली ओकची लहान रोपं: एकूण 57. तारेच्या जाळीत 38. काट्याच्या जाळीत 14. उघड्यावर 5.

घरी आल्यावर त्या दोन रोपांच्या खुणा मी आलाहारच्या मुक्कामाच्या ताईंना पाठवल्या. गाव लहान आहे, टोपीवाले, लिनारेसच्या वाटेवरचे आजोबा एवढं सांगितलं तरी त्यांनी ओळखलं. परवा त्यांचं उत्तर आलं. आजोबांना नकाशा दाखवला, म्हणे. एक रोप त्यांना ठाऊक होतं, दुसरं नव्हतं. पाऊस उघडला की तार घेऊन जातो म्हणाले.